निळा ठिपका

परवा रात्री बाबांना बरं वाटेना, अँब्युलन्स बोलावली. फोनवरचा निळा ठिपका आम्हाला शेजारच्या इमारतीत दाखवत होता! शेवटी मीच खाली फाटकाशी जाऊन उभा राहिलो. (बाबा आता ठीक आहेत.)

मग जरा वाचलं. जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ सालचा. यंत्रणा अमेरिकी लष्कराची, उघड्या आभाळाखाली वापरायची. सुमारे २०,२०० किलोमीटरवरून येणारा सिग्नल आधीच क्षीण. स्लॅब-भिंतींत तो आणखी विरतो, नाहीतर कुठेतरी आपटून लांबच्या वाटेने येतो आणि हिशेब चुकतो. सामान्यांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक अमेरिकेने २००० साली काढली, पण छप्पर राहिलंच. घरातून केलेल्या आपत्कालीन फोनचं ठिकाण कळावं म्हणून तिथे २०१५ साली वेगळे नियम करावे लागले.

असो. मंडळी, पत्ता सांगताना मजला आणि दार तोंडाने सांगाच.