पालथी कळशी

हिंडलग्याची म्हटलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "जेलपाशी का?" मी सांगते, जेलच्या अलीकडे. मग आडनाव विचारतात, मग रविवारी कुठं जाता ते कळतं, आणि पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे मूळचे गोव्याकडचे?" नाही. मूळचे इथलेच. बेळगावच्या पश्चिमेला वेंगुर्ला रस्त्यावर भात आणि रताळी काढणाऱ्या घरांतले. घरी मराठी, बाजारात मराठी-कानडी दोन्ही आणि प्रार्थना मराठीत. हे ऐकल्यावर लोक जरा गप्प होतात. बेळगावचा ख्रिस्ती म्हणजे गोव्याचा नाहीतर कानडी, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

खरं तर आमची गोष्ट दोनशे वर्षांची आहे. १८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि दोनच वर्षांनी, १८२० मध्ये, लंडन मिशनचे जोसेफ टेलर बल्लारीहून इथं येऊन राहिले. मागाहून विल्यम बेनन आले. त्यांच्या शाळेतून इंग्रजी शिकलेली पोरं कचेऱ्यांत लागली, थोडी ख्रिस्ती झाली, बहुतेक झाली नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी हे मिशन मेथडिस्टांकडे गेलं. बेननचं नाव मात्र बेननस्मिथ हायस्कूलच्या रूपानं अजून गावाच्या तोंडात आहे. ते कुणाचं नाव, हे शाळेतल्या पोरांना विचारू नका.

आज्जीला यातलं एकही साल ठाऊक नव्हतं. तिचा इतिहास शनिवारी संध्याकाळी परसात चालायचा. रविवारच्या आधी घरातली पितळ-तांब्याची भांडी चिंच आणि राख लावून घासायची, आणि घासता घासता सांगायचं. आमच्या भागातल्या जुन्या बायकांसारखी ती स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलायची. "मी सांगतो ऐक गे. एक कासाराचं पोर होतं बेळगावात…"

ते कासाराचं पोर म्हणजे बाबा पदमनजी. १८३१ साली बेळगावात जन्मले, मिशनच्या शाळेत शिकले, पुढे शिकायला मुंबईला गेले आणि १८५४ मध्ये बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आज्जीच्या गोष्टीत त्यांचा बाप रागावतो, जात उठते, पोरगा डगमगत नाही, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्याशी गोष्ट संपते. "बघ, एवढं झालं, खरं त्यानं सोडलं न्हाई." आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. हा 'खरं' आला की समजायचं, आज्जी आता उठणार.

चाळिशी उलटल्यावर मी 'अरुणोदय' वाचलं, त्यांचं आत्मचरित्र, १८८८ सालचं. तेव्हा लक्षात आलं की आज्जीचं कासाराचं पोर फारच लवकर धीट होतं. पुस्तकातला माणूस आधी कट्टर देवभक्त आहे. मग मुंबईत परमहंस सभेत जातो. तिथं सुधारक मंडळी जातपात मोडायची, पण दारं लावून, बाहेर कळणार नाही अशा बेतानं. मग पटलेलं असूनही तो थांबतो, मागे सरतो, पुन्हा पुढे येतो. मला हा माणूस आज्जीच्या माणसापेक्षा जास्त आवडला. आणि त्याच्या हकिगतीत आज्जीनं कधी न उच्चारलेलं एक माणूस होतं: त्याची बायको. ती त्याच्याबरोबर नांदायला आली नाही. पुढे त्यांनी ख्रिस्ती संसार मांडला, मोठे लेखक झाले, शब्दकोश केले. बाप्तिस्म्यानंतर तीनच वर्षांनी, १८५७ साली, त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिलं. विधवांच्या दुःखावरचं ते पुस्तक मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण शाळेत पाठ करतो. बायकांच्या दुःखावर लिहिणाऱ्या माणसाची स्वतःची बायको कुठल्या ओसरीवर दिवस काढत होती, याचा विचार आल्यावाचून राहत नाही. तिची बाजू तिनं लिहिली नाही.

लक्ष्मीबाई टिळकांनी लिहिली, म्हणून ती आपल्याला कळली. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई वेगळ्या राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १९०० मध्ये. मधली वर्षं 'स्मृतिचित्रे'त आहेत. कुणाच्या हातचं पाणी घ्यायचं, हा प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा येतो. आज्जीला हे पुस्तक मी वाचून दाखवलं होतं. पाण्याचा भाग आला की ती घासणं थांबवायची. कारण आमच्या घरातली गोष्टही पाण्याचीच होती.

आज्जीची सासू, म्हणजे माझी पणजी, नवऱ्यामागोमाग ख्रिस्ती झाली. पणजोबा कॅम्पात एका मेसवर खानसामा होते. पणजीचं माहेर हिंडलग्याच्या पुढे दोन कोसांवर. गावाचं नाव लिहीत नाही. माहेरानं "बाटली" म्हणून दार लावलं. पंचमीला बोलावणं बंद, सुगीला बोलावणं बंद. फक्त धाकटा भाऊ शनिवारच्या बाजारात कधीतरी नव्या तांदळाचं गाठोडं तिच्या पायाशी ठेवायचा आणि न बोलता गर्दीत शिरायचा. हातात द्यायचा नाही.

मग प्लेग आला. मुंबईला १८९६ मध्ये आला, आणि एकदोन वर्षांत आमच्या भागात पोचला. उंदीर पडला की गाव उठायचं आणि शिवारात खोपी घालून राहायचं. भावाच्या खोपीतली दोन माणसं तापानं पडलीत, असं पणजीला बाजारात कळलं. ती तांब्याची कळशी पाण्यानं भरून कमरेवर घेऊन दोन कोस चालत गेली. खोपीपासून पन्नास पावलांवर भावजयीनं हात करून तिला थांबवलं. तापाच्या भीतीनं की बाटल्याच्या, ते पणजीला कळलं नाही. तिनं कळशी बांधावर ठेवली आणि ती परत फिरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तर कळशी त्याच बांधावर होती. रिकामी, राखेनं लख्ख घासलेली, आणि पालथी.

बस्स, एवढीच गोष्ट. खरं, त्यावर आमच्या घरात तीन पिढ्या वाद चालला. ते पाणी त्यांनी प्यालं की ओतून दिलं?

थोरले काका ओतून दिल्याच्या पक्षाचे. त्यांचं म्हणणं, मातीचं मडकं असतं तर फोडलं असतं. धातू राखेनं शुद्ध होतो, म्हणून घासून बांधावर टाकली. आज्जी प्यायल्याच्या पक्षाची. "वतून दिलेली कळशी कोण घासतंय गे? प्यालेत म्हणून घासलेत." काका हसून म्हणायचे, "तुला तसंच पाहिजे." आज्जी म्हणायची, "व्हय, मला तसंच पाहिजे." खुद्द पणजीनं आपलं मत कधी सांगितलं नाही. ती तिसऱ्या दिवशीही भरून घेऊन गेली, चौथ्या दिवशीही गेली. किती दिवस, ते कुणी मोजलं नाही. भाऊ वाचला. त्याची आई, म्हणजे पणजीचीही आई, वाचली नाही. मातीला पणजी लांबून उभी होती.

उपदेशकांच्या तोंडून आम्ही विश्वासाच्या पुष्कळ साक्षी ऐकल्या आहेत. संकट, प्रार्थना, सुटका, सगळं जागच्या जागी. पणजीच्या साक्षीत सुटका नाही. कळशीतलं पाणी कुठं गेलं, हेही नाही. मला वाटतं, म्हणूनच ती आमच्याकडे टिकली. जिचा शेवट ठरलेला नाही ती गोष्ट पुन्हा सांगावी लागते.

१९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्धचं आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, माणसं गेली. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी अजून दर १ जूनला लोक जमतात. त्या दिवसांत एका रात्री आज्जीनं दार उघडं ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली. शेजारच्या दोघी उंबऱ्याबाहेर येऊन बसल्या. आम्ही ख्रिस्ती, त्या माळकरी. कुणी काही विचारलं नाही. आपल्या चर्चमध्ये कानडी उपासनाही होते आणि ती माणसंही आपलीच, हे आज्जीनं मला दुसऱ्या दिवशी वेगळं सांगितलं. मी तेव्हा तापलेली होते, मला ते रुचलं नव्हतं.

माझ्यावर पाळी आली ती बारा वर्षांपूर्वी. नवरा एकवीस दिवस दवाखान्यात होता आणि बाविसाव्या दिवशी नव्हता. भेटायला आलेले म्हणाले, देव परीक्षा बघतो. मला आज्जी आठवली. तिची दोन लेकरं लहानपणीच गेली होती, आणि असंच कुणी म्हटल्यावर ती म्हणाली होती, "देवाला काय दुसरं काम न्हाई?" दीड वर्ष मी 'उपासना संगीत', आमचं चर्चमधल्या गाण्यांचं पुस्तक, उघडलं नाही. चर्चला मात्र जात होते, शेवटच्या बाकावर. कारण विचाराल तर, वेदीवरच्या फुलदाण्यांत पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं आणि ते दुसऱ्या कुणाला सांगायचा मला कंटाळा आला होता. याला विश्वास म्हणायचं का, हे मी पाद्रीसाहेबांना विचारलं नाही. एका रविवारी गाणं आपसूक तोंडात आलं. कुठलं ते सांगत नाही. टिळकांचं होतं एवढंच.

कळशी आता माझ्याकडे आहे. बुडाला एक पोचा आहे, तो पणजीच्या वेळचा की नंतरचा माहीत नाही. गेल्या महिन्यात पणजीच्या त्या भावाचा पणतू लग्नाची पत्रिका घेऊन आला. त्यांच्याकडे येणं-जाणं वडिलांच्या वेळेपासून पुन्हा सुरू झालंय. मुलगा बेळगावात नोकरीला, बोलका. मी पाणी दिलं, तो प्याला. चहा झाला. मग राहवलं नाही म्हणून मी कळशी आणून त्याच्यापुढे ठेवली, सगळी गोष्ट सांगितली आणि विचारलं, "तुमच्यात काय सांगतात? प्याले होते का?"

त्यानं कळशी उचलून बुडाचा पोचा बघितला. म्हणाला, "आत्या, आमच्यात असलं काय कधी ऐकलंच न्हाई."

लग्न वैशाखात आहे. आहेराला काय न्यायचं ते अजून ठरलेलं नाही.