आज्ञा कोणाला कळते? : ब्राँक्समधले दोन मृत्यू, 1984 आणि 2016

आजची सुरुवात एका बंद दारापाशी करू. न्यूयॉर्क शहरातला ब्राँक्स हा भाग, तारीख 29 ऑक्टोबर 1984. सरकारी वसाहतीतल्या एका घरात एलेनॉर बंपर्स नावाच्या 66 वर्षांच्या कृष्णवर्णीय बाई एकट्या राहत होत्या. महिन्याला शंभर डॉलरच्याही आतलं भाडं, आणि तेही काही महिन्यांचं थकलेलं. त्यांची मनःस्थिती बिघडलेली आहे हे समाजकल्याण खात्याला ठाऊक होतं. काही दिवस आधी एका मनोविकारतज्ज्ञाने त्यांना तपासून रुग्णालयात ठेवण्याची शिफारसही केली होती. मग खात्याने काय ठरवलं? आधी घर रिकामं करून घ्यायचं, रुग्णालयाचं नंतर बघू.

घर रिकामं करायला पोलिसांचं खास पथक आलं. बरोबर ढाली होत्या, माणसाला भिंतीशी दाबून धरायचा लांब दांडा होता आणि एक शॉटगन होती. बाईंनी दार उघडलं नाही, तेव्हा ते फोडलं गेलं. बाईंच्या हातात स्वयंपाकाची सुरी होती. ‘सुरी टाका’ म्हणून सांगितलं, त्यांनी टाकली नाही. झटापट झाली आणि दोन गोळ्या सुटल्या. पहिली हाताला लागली, दुसरी छातीत. गोळी झाडणाऱ्या पोलिसावर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला आणि 1987 मध्ये न्यायाधीशाने त्याला निर्दोष ठरवलं.

आता आपण इतिहासाचे विद्यार्थी म्हणून एक प्रश्न विचारू. ही घटना नेमकी केव्हा सुरू झाली? सुरी दिसली तेव्हा, दार फुटलं तेव्हा, की कुणीतरी कागदावर ‘आधी घर, मग रुग्णालय’ असा क्रम लावला तेव्हा? न्यायालय शेवटचे काही सेकंद तपासतं. त्या सेकंदांपर्यंत सगळे कसे पोचले, हे तपासणं आपलं काम.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. 1955 च्या सुमाराला अमेरिकेतल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसं होती. त्यातली कित्येक वर्षानुवर्षं, काही तर जन्मभर आत होती. आतली अवस्था फार वाईट, त्यामुळे जुन्या काळाबद्दल कुणी हळहळू नये. पुढे क्लोरप्रोमाझिनसारखी औषधं आली, रुग्णांच्या हक्कांची चळवळ उभी राहिली, आणि ही रुग्णालयं चालवण्याचा खर्चही राज्यांना जड झाला होता. ऑक्टोबर 1963 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी एका कायद्यावर सही केली. माणसाला भिंतीआड न कोंडता त्याच्या वस्तीतच उपचार मिळावेत, म्हणून देशभर मानसिक आरोग्य केंद्रं उभारायची, अशी ती कल्पना. रुग्णालयं रिकामी झाली. 1980 पर्यंत तिथली संख्या दीड लाखाच्या खाली आली. केंद्रं मात्र ठरल्याच्या निम्मीच उभी राहिली. उरलेली माणसं आपापल्या घरी गेली, स्वस्त भाड्याच्या खोल्यांत गेली, रस्त्यावर आली.

याच काळात कायद्यातही एक बदल झाला. 1975 मध्ये ओ’कॉनर विरुद्ध डोनाल्डसन या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, जो माणूस धोकादायक नाही आणि स्वतःच्या किंवा आप्तांच्या आधाराने बाहेर जगू शकतो, त्याला केवळ मानसिक आजार आहे म्हणून डांबून ठेवता येणार नाही. निकाल न्याय्यच होता. पण त्याचा एक परिणाम बघा. पूर्वी रुग्णालयाचं दार ‘गरज’ या शब्दाने उघडायचं, आता ‘धोका’ या शब्दाने उघडू लागलं. मुलाची तब्येत ढासळते आहे एवढं सांगून आईला मदत मिळेना. तो धोकादायक आहे असं म्हणायची वेळ तिच्यावर आली. आणि धोका म्हटला की कोण येतं? पोलिस येतात.

दार वाजल्यावर काय होतं, याबद्दल आम्ही तत्त्वज्ञानाचे शिक्षक म्हणून दोन शब्द सांगू. पोलिसाचं पहिलं साधन बंदूक नसते, आज्ञा असते. थांब, हात वर कर, खाली टाक, माझ्याकडे बघ. जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने दाखवून दिलं की बोलणं ही एक कृती असते, आणि ती सिद्धीला जायची तर समोरच्याने ती त्या अर्थाने घ्यावी लागते. म्हणजे प्रत्येक आज्ञेने ऐकणाऱ्याचं एक चित्र आधीच गृहीत धरलेलं असतं. त्याला ऐकू येतं, कळतं, आणि कळूनही तो वागला नाही तर तो मुद्दाम वागत नाही. ज्याच्या कानात त्याच वेळी दुसरे आवाज बोलत आहेत, किंवा स्वमग्नतेमुळे ज्याला कुणाच्या नजरेला नजर देणं जमत नाही, गोंगाट सहन होत नाही, जो अस्वस्थ झाला की हात हलवत राहतो, तो या चित्रात बसत नाही. मग त्याच्या न कळण्याला उद्दामपणा म्हटलं जातं आणि घाबरण्याला हल्ला.

जुलै 2016 मध्ये फ्लोरिडातल्या नॉर्थ मायामीत असंच झालं. एक स्वमग्न तरुण रस्त्यावर बसून खेळण्यातल्या ट्रकशी खेळत होता. कुणाला ती बंदूक वाटली, फोन गेला. त्याचा सांभाळ करणारा माणूस शेजारी पाठीवर पडून, दोन्ही हात वर करून ओरडत होता की ते खेळणं आहे. पोलिसाची गोळी त्या सांभाळणाऱ्याच्याच पायाला लागली. नेम त्याच्यावर नव्हता, त्या तरुणावर होता, असा पोलिसांचा खुलासा आला. तो ऐकून सुटकेचा निःश्वास सोडायचा की काय करायचं, तुम्हीच सांगा.

पुन्हा 1984 कडे येऊ. बंपर्स गेल्या त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 12 नोव्हेंबरला, नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहरात डेथॉर्न ग्रॅहम या मधुमेही माणसाची रक्तातली साखर एकदम घसरली. संत्र्याचा रस घ्यायला तो दुकानात धावला, रांग मोठी दिसली म्हणून तसाच धावत बाहेर पडला. पोलिसाला संशय आला. त्याला दारुडा समजून बेड्या घातल्या, त्यात त्याचं पाऊल मोडलं. हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1989 मध्ये तिथे कसोटी ठरली: पोलिसाचा बळप्रयोग वाजवी होता की नाही, हे त्या क्षणी त्या जागी असलेल्या वाजवी पोलिसाच्या नजरेने पाहायचं, मागाहून सुचलेल्या शहाणपणाने नाही. आजही अमेरिकेत अशा बळप्रयोगाचं मोजमाप याच कसोटीने होतं. म्हणजे गंमत बघा, आजारी माणूस पोलिसाला ओळखता आला नाही अशा प्रसंगातून ही कसोटी जन्मली, आणि तिने नजर ठेवली ती पोलिसाचीच.

सुधारणा झाल्याच नाहीत असं कुणी समजू नये. सप्टेंबर 1987 मध्ये मेम्फिस शहरात 27 वर्षांच्या एका मनोरुग्ण तरुणाच्या आईने मदतीसाठी फोन केला. तो सुरीने स्वतःलाच जखमा करून घेत होता. पोलिस आले, आणि त्यांच्याच गोळ्यांनी तो गेला. शहर पेटून उठलं. पुढल्या वर्षी पोलिस, डॉक्टर आणि रुग्णांचे नातेवाईक एकत्र बसले आणि ‘क्रायसिस इंटरव्हेन्शन टीम’ उभी राहिली. स्वखुशीने पुढे आलेल्या पोलिसांना चाळीस तासांचं प्रशिक्षण. हळू बोला, अंतर ठेवा, वेळ जाऊ द्या. हा ‘मेम्फिस नमुना’ पुढे देशभर गेला. ओरेगॉनमधल्या यूजीन शहराने 1989 मध्ये त्याहून पुढचं पाऊल टाकलं. पोलिसाऐवजी एक वैद्यकीय कर्मचारी आणि एक समुपदेशक गाडीतून जायचे. ‘कहूट्स’ म्हणून ती सेवा गाजली, तीन दशकांहून जास्त चालली, आणि एप्रिल 2025 मध्ये पैशाअभावी यूजीनमध्ये बंद पडली.

न्यूयॉर्कनेही बंपर्स प्रकरणानंतर नियम कडक केले. अशा व्यक्तीला एका जागी राहू द्यावं, घाई करू नये, खास पथकाची वाट पाहावी. 2015 मध्ये मेम्फिसच्या धर्तीवर प्रशिक्षणही सुरू झालं.

आणि 18 ऑक्टोबर 2016 च्या संध्याकाळी पुन्हा ब्राँक्समध्येच एका इमारतीतून फोन गेला. डेबोरा डॅनर, वय 66, कृष्णवर्णीय, स्किझोफ्रेनियाच्या रुग्ण. पोलिस पोचले तेव्हा त्या आपल्या खोलीत होत्या. हातात कात्री होती, ती त्यांनी समजावल्यावर खाली ठेवली. पण खास पथकाची वाट न पाहता त्यांना पकडायचं ठरलं. त्यांनी बेसबॉलची बॅट उचलली. पुन्हा दोन गोळ्या. बहीण बाहेर थांबलेली होती. आपण चुकलो, असं स्वतः पोलिस आयुक्तांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. खटला झाला आणि 2018 मध्ये न्यायाधीशाने गोळी झाडणाऱ्या अधिकाऱ्याला निर्दोष ठरवलं.

या डॅनरबाईंनी 2012 मध्ये आपल्या आजारावर एक निबंध लिहून ठेवला होता, सहा पानांचा. आजारपणाची लाज, नोकरी जाण्याची धास्ती, घरच्यांचं दुरावणं, सगळं त्यात आहे. आणि त्यात एका बाईंचा उल्लेख आहे, ज्यांना अनेक धडधाकट पोलिसांनी ‘धोका’ ठरवून शॉटगनने मारलं. नाव त्यांनी थोडं चुकीचं लिहिलं आहे, पण त्या एलेनॉर बंपर्सच. पुन्हा तसं घडू नये म्हणून पोलिसांना शिकवा, अशी मागणी त्यांनी केली आहे.

म्हणजे नियम होता, प्रशिक्षण होतं, आणि ज्या बाईंवर गोळ्या झाडल्या गेल्या त्यांना हा इतिहास त्या खोलीतल्या पोलिसांपेक्षा कदाचित जास्त ठाऊक होता. मग कमी काय पडलं? आमच्या मते, वेळ. खास पथक यायला लागली असती तेवढी मिनिटं थांबण्यात कुणाचं काय जाणार होतं? त्या आपल्याच घरात होत्या, कुठे पळून जाणार नव्हत्या. पण आज्ञा देणाऱ्याला ती मोडली गेल्यावर गप्प उभं राहणं फार अवघड जातं, आणि कोणत्याही राज्यसंस्थेने आपल्या माणसांना ते मनापासून शिकवलेलं नाही.

डॅनरबाईंचा निबंध वृत्तपत्रात छापला गेला, तो त्या गेल्यानंतर. इथे थांबू. आता प्रश्न घेऊ.