ताटातली मासळी, पुडीतली मिरी

‘फ्लेमिश’ हा शब्द आपल्या वाचकांपैकी अनेकांस अपरिचित असण्याचा संभव आहे. आजच्या बेल्जियमचा उत्तर भाग म्हणजे फ्लँडर्स. तेथील लोक, भाषा व कला ती फ्लेमिश. अँटवर्प हे त्या प्रदेशाचे मोठे बंदर. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांस बसणाऱ्या आपल्या मुलांपुढे तांब्या, फडके आणि दोन फळे मांडून ठेवतात व स्थिरचित्र काढावयास सांगतात. या चित्रप्रकाराची जडणघडण ज्या मोजक्या नगरांत झाली, त्यांत अँटवर्पचा मान मोठा आहे.

त्यापूर्वी घरगुती वस्तू चित्रांत नव्हत्या असे नव्हे. शेवटच्या भोजनाच्या मेजावर भाकर व प्याला असतच. परंतु सेवकाने अदबीने उभे राहावे तशा त्या असत. पीटर आर्टसन या चित्रकाराने १५५२ साली हा क्रम उलटा केला. त्याच्या चित्रात पुढे मांसाची भली मोठी तंगडी, पाव आणि लोणी आहे. मार्था व मरिया यांच्या घरी आलेला प्रभू येशू पार मागे, लहानशा आकारात दिसतो. आर्टसनचा शिष्य योआकिम ब्यूकेलार याने १५६९ साली मासळीबाजार रंगविला. ते चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात बारा जातींची मासळी मांडलेली असून हा आकडा बारा प्रेषितांचा सूचक असावा, असे अभ्यासक मानतात. आपल्या मिरकरवाडा बंदरावर मासळी विकणाऱ्या बाईला त्यांतील जाती कदाचित ओळखता येणार नाहीत. पण कापलेल्या तुकड्या मांडण्याची रीत खचित ओळखीची वाटेल. विक्रेत्यांच्या मागील कमानीतून सरोवराचा किनारा दिसतो, आणि तेथे पुनरुत्थित प्रभू शिष्यांना दर्शन देत आहे.

बाजार पुढे आणि प्रभू मागे, ही श्रद्धेची घसरण नव्हे काय? शंका रास्त आहे. २० ऑगस्ट १५६६ रोजी अँटवर्पच्या महामंदिरातील मूर्ती व चित्रे मूर्तिभंजकांनी फोडली होती. त्या घटनेस तीनच वर्षे लोटली असता हे चित्र रंगले. खाण्यापिण्यात गुंतलेल्या डोळ्यांना प्रभू दिसत नाही असा इशारा अशा चित्रांत आहे, असे काही विद्वान म्हणतात. मार्थेच्या चित्राबाबत मला ते पटते. मासळीबाजाराबाबत मात्र पटत नाही. योहानच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात खुद्द प्रभूच किनाऱ्यावर विस्तव पेटवून मासळी भाजतो आणि रात्रभर जाळी टाकून थकलेल्या शिष्यांना न्याहारीस बोलावतो. मासळीच्या वासात तो परका कसा ठरेल?

पुढे मागचा प्रसंग गळाला आणि नुसते मेज उरले. क्लारा पीटर्स या अँटवर्पच्या चित्रकर्तीने १६११ साली ताटातील मासळी, खेकडा, कोळंबी आणि मेणबत्ती अशा वस्तूंचे चित्र रंगविले. मासळी हाच मुख्य विषय असलेल्या आरंभीच्या चित्रांत त्याची गणना होते. आज ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. अँटवर्प तेव्हा पुन्हा कॅथलिक झाले होते. शुक्रवारी व उपवासकाळात मांस वर्ज्य, म्हणून घरोघरी मासळी. त्याच वर्षाच्या दुसऱ्या एका चित्रात तिने सोनेरी पेल्याच्या फुगवट्यांवर स्वतःचे इवलेसे प्रतिबिंब पुनःपुन्हा रंगवून ठेवले आहे. घरातील भांडे घासणाऱ्या प्रत्येक स्त्रीने आपला चेहरा असा पाहिलेला असतो. चित्रात तो आणावा हे मात्र क्लारेला सुचले.

आता मिरीविषयी. अँटवर्पजवळ जन्मलेला पीटर क्लास हा हार्लेमला, म्हणजे प्रोटेस्टंट हॉलंडात, स्थायिक झाला. त्याच्या १६२७ च्या चित्रात टर्की पक्ष्याची सजविलेली पाई, कालवे, सोललेले लिंबू, चिनी वाडग्यात ऑलिव्ह आणि छापील कागदाची पुडी आहे. पुडीत मिरी! वाणसामान रद्दीच्या कागदात बांधून आणणाऱ्या आपल्या पिढीला ती पुडी लगेच ओळखू येते. ती मिरी कुठल्या बेटावरची अथवा किनाऱ्यावरची, हे चित्र सांगत नाही. अँटवर्पला पोर्तुगीजांची मिरी १५०१ पासून येऊ लागली होती. १६०२ साली स्थापन झालेल्या डच कंपनीने हा व्यापार पोर्तुगीजांकडून हिसकावण्याचा चंग बांधला. गोव्याची जहाजे सुटू नयेत म्हणून १६३६ पासून काही वर्षे डच आरमार मांडवीच्या मुखाशी ठाण मांडून बसे. त्या आरमाराला रसद पुरविता यावी, यासाठी १६३७ साली वेंगुर्ल्यास डचांची वखार उभी राहिली. वेंगुर्ले १९८१ पर्यंत आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होते.

क्लासच्या मेजावर ना तोफ आहे, ना वेढा, ना मिरीची पोती वाहणारा हमाल. पांढरे कापड नुकतेच अंथरलेले, त्यावर घडीच्या रेषा स्पष्ट दिसतात. वेंगुर्ल्याच्या वखारीच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत.