तानसाकाठची ऊन पाण्याची कुंडे

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही नावे घेतली की भाविकांच्या डोळ्यांपुढे ऊन पाण्याची कुंडे उभी राहतात. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी श्रीवज्रेश्वरी मातेस नवस केला व इ.स. १७३९ मध्ये किल्ला सर झाल्यावर मंदिर बांधविले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. कुंडांतील झरे मात्र त्याहून फार प्राचीन. देवीने मारलेल्या दैत्यांच्या रक्ताने पाणी तापले, असे वडीलधारी मंडळी सांगतात. शाळेत जाणारी मुले म्हणतात, खाली ज्वालामुखी आहे. तेही खरे नव्हे. येथील काळा कातळ लाव्ह्याचाच, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच निवाला.

हे पाणी मूळचे पावसाचेच. ते कातळाच्या भेगांतून खोल उतरते. जमिनीखाली दर किलोमीटरला उष्णता साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. तेथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगेने वर येते. पालघरच्या कोकणेरपासून राजापूरपर्यंत, तीनशेहून अधिक किलोमीटरच्या पट्ट्यात, असे झरे आहेत. उन्हेरे, उन्हवरे ही गावांची नावेच त्याची साक्ष देतात.

वर येताना पाणी खडकातील क्षार बरोबर आणते. त्यात सोडियम, कॅल्शियम व क्लोराईड विशेष. वाळूत असणारी सिलिका पाणी जितके तापलेले तितकी अधिक विरघळते. त्यामुळे बाटलीभर पाणी तपासून खोलवर किती उष्णता असेल, याचा अंदाज शास्त्रज्ञ बांधतात. पाणी आपला दाखला सोबतच घेऊन येते म्हणावयाचे!

या उष्णतेवर वीज होईल काय, असे पुष्कळजण विचारतात. इटलीत लार्देरेल्लो येथे १९०४ साली भूगर्भातील वाफेवर पाच दिवे लावण्यात आले. आपल्या देशात लडाखमधील पुगा येथे अशा विजेसाठी तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने २०२१ साली करार केला. तानसाकाठी मात्र वाफ नाही. कुंडांतील पाणी सुमारे ५० अंशांचे. तेव्हा मोठ्या विजेची आशा धरू नये. धान्य, मासळी सुकविण्यास ही उष्णता उपयोगी पडू शकेल.

परंतु त्यासाठी झरे वाहते राहिले पाहिजेत. लगत खोल बोअरिंग मारल्यास झऱ्याचा जोर उतरण्याचे भय असते. कुंडाच्या डागडुजीत तळाशी सिमेंट ओतले, तर भेग बुजून पाणी अन्यत्र वाट काढते. फरशी काठापुरतीच घालावी, तळाचा कातळ उघडा ठेवावा.