एक किलोमीटर

आमच्या कासार आंबोलीतनं पिरंगुटाकडं निघालात की रस्त्याकडच्या शाळांच्या पाट्या वाचत चला. लवळ्याच्या डोंगरावर तर खासगी विद्यापीठंच बसलीत. वस्तीतली पोरं या पाट्यांवरच अक्षरं जुळवायला शिकली. पाटीच्या आत किती गेली, हा हिशेब जुना आहे.

१८५६ साली धारवाडला एका महार मुलाला सरकारी शाळेनं प्रवेश नाकारला. पोरगं गप्प बसलं नाही, त्यानं थेट मुंबई सरकारकडं अर्ज केला. सरकार म्हणालं, न्याय तुझ्या बाजूनं आहे खरा, पण तुझ्या एकट्यापायी रूढीत हात घातला तर शिक्षणाचंच नुकसान व्हायचं! १८५८ साली विलायतेहून हुकूम आला, सरकारी शाळा सर्वांना खुल्या. त्यानंतर कितीतरी वर्षांनी माझा आजा शाळेबाहेरच्या ओट्यावर, उन्हात बसूनच बाराखडी शिकला.

१८८२ साली जोतीरावांनी हंटर कमिशनपुढं पुण्याचा पंचनामाच केला. महार-मांगांची वस्ती पाच हजारांवर, त्यांना शाळा एक, आणि तिच्यात पोरं तिसाच्या आत. सारा भरतो रयत, शिकतात वरचे. म्हणून निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांनी बजावलं. १९२७ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात तोच हिशेब पुढं नेला: सरकार माणशी शिक्षणावर खर्चतं १४ आणे, आणि दारूच्या करातनं माणशी उकळतं दोन रुपयांवर. दारूचं घेता तेवढं तरी शाळेला द्या! बाबासाहेब भाषणाला उभे राहिले की आधी आकडे काढीत. आपण आधी घोषणा काढतो, ते असो.

२००९ च्या कायद्यानं खासगी विनाअनुदानित शाळांत पहिलीपासून २५ टक्के जागा गरीब-वंचितांना राखल्या. ९ फेब्रुवारी २०२४ ला महाराष्ट्र सरकारनं नियम फिरवला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगीला या जागांतनं सूट. म्हंजे झेडपीची शाळा जवळ असणं हाच गरिबाच्या पोराचा गुन्हा. धारवाडला रूढी आडवी आली, इथं मोजपट्टी. पालक-कार्यकर्ते कोर्टात गेले. १९ जुलै २०२४ ला मुंबई हायकोर्टानं तो नियम रद्द केला.

त्या उन्हाळ्यात वस्तीतल्या मावशीनं मला विचारलं होतं, "बाबा, हे किलोमीटर मोजायचं कुठनं? आमच्या दारापासनं का त्यांच्या फाटकापासनं?" मी कागद काढून समजावलं. तिनं पोरीचा जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला पिशवीतनं काढून पुढं ठेवला. म्हणाली, "मोजू दे त्यांना. तू फारम भर."