गण, नाडी आणि रक्तगट

लग्नसराई जवळ आली की परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड इथल्या झेरॉक्सच्या दुकानांत मुलामुलींचे बायोडाटा छापले जाऊ लागतात. हल्ली ते त्याहून जास्त व्हॉट्सॲपवर फिरतात. वर गणपतीचं चित्र, खाली नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, शिक्षण. मग रास, नक्षत्र, चरण, गण, नाडी. आणि त्याच्याच आगेमागे कुठेतरी रक्तगट. गण आणि रक्तगट एका कागदावर शेजारी बसलेले पाहून इथल्या कुणाला नवल वाटत नाही. जपानी माणसाला मात्र त्या कागदाची ओळख लगेच पटेल, कारण त्याच्या देशात रक्तगटावरून स्वभाव सांगायची रीत जवळपास शंभर वर्षांची आहे.

माणूस कसा आहे, हे त्याच्याशी चार वर्षं राहून कळतं. लग्न, नोकरी, सैन्य, शाळा यांना तेवढी सवड नसते. म्हणून कुणीतरी एक कोष्टक तयार करतं आणि माणसाला त्यातल्या एका घरात बसवतं. मराठवाड्यातलं सर्वांत ओळखीचं कोष्टक पंचांगाच्या पानांत असतं, अवकहडा चक्र नावाचं. जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्रात होता त्यावरून त्यात रास, गण, नाडी, योनी, वर्ण आणि नावाचं आद्याक्षरही काढता येतं. सत्तावीस नक्षत्रांची तीन गणांत नऊ-नऊ अशी वाटणी आहे. अश्विनी, मृग, पुष्य, हस्त, स्वाती वगैरे देवगणी. भरणी, रोहिणी, आर्द्रा आणि तिन्ही पूर्वा, तिन्ही उत्तरा मनुष्यगणी. कृत्तिका, आश्लेषा, मघा, चित्रा, मूळ वगैरे राक्षसगणी. देवगणी म्हणजे शांत, सात्त्विक, मनुष्यगणी मधला, राक्षसगणी तापट, हट्टी. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. त्यामुळे एखाद्या दिवशी जिल्हा रुग्णालयात जन्मलेली बहुतेक बाळं एकाच गणाची ठरतात आणि त्या दिवशी टोकियोत जन्मलेलीही.

गुणमेलनात एकूण 36 गुण. वर्णाला 1, वश्याला 2, तारेला 3, योनीला 4, ग्रहमैत्रीला 5, गणाला 6, राशिकूटाला 7 आणि नाडीला 8. अठरा जुळले की बोलणी पुढे सरकतात. गावगाड्यात हा हिशोब करणारा ग्रामजोशी हा वतनदार असे. गुढीपाडव्याला पंचांग वाचणं, बारशाचं अक्षर सांगणं, मुहूर्त काढणं ही त्याची कामं, आणि त्याबद्दल खळ्यावरून धान्य. म्हणजे स्वभावाची ही पारख गावाच्या अर्थव्यवस्थेत पक्की बसलेली होती. तिला पहिला मोठा धक्का दिला तो जोतीराव फुल्यांनी. 24 सप्टेंबर 1873 रोजी त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि जोशाशिवाय लग्नं लावायला सुरुवात केली.

कोष्टक सर्वांना सारखं लागू होतं, पण त्याचा भार सारखा पडत नाही. मूळ नक्षत्राची मुलगी सासऱ्याला वाईट, आश्लेषाची सासूला, ज्येष्ठाची थोरल्या दिराला, विशाखाची धाकट्या दिराला, अशी जुनी समजूत आहे. त्याच नक्षत्रावर जन्मलेल्या मुलाला सून म्हणून कुठे जायचं नसतं, त्यामुळे या यादीची झळ त्याला फारशी लागत नाही. मुलीची मात्र लपवाछपवी सुरू होते: जन्मवेळ मागेपुढे केली जाते, चरण बदलून लिहिलं जातं. ज्या घरात हे घडलं असेल त्या घरातल्या मुलीला आपण जन्मानेच काहीतरी चुकीचं केलं आहे असं वाटत राहतं, आणि ही या रीतीची सर्वांत कठोर बाजू आहे.

जपानात हेच वर्षाच्या नावाने घडलं. तिथे साठ वर्षांच्या चक्रात एकदा ‘हिनोए-उमा’ म्हणजे अग्नी-अश्वाचं वर्ष येतं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी उग्र स्वभावाची असते, नवऱ्याचं आयुष्य कमी करते, अशी समजूत. 1966 हे तसं वर्ष होतं. 1965 साली जपानात सुमारे 18 लाख 20 हजार मुलं जन्मली. 1966 साली 13 लाख 60 हजार. आणि 1967 साली आकडा पुन्हा 19 लाखांच्या वर गेला. तोवर टोकियो ऑलिम्पिक होऊन गेलं होतं, शिंकान्सेन धावू लागली होती. तरीही एका कोष्टकाच्या भीतीने एका वर्षात चार लाखांहून जास्त पाळणे कमी हलले. त्यानंतरचं अग्नी-अश्वाचं वर्ष 2026 चं.

रक्तगटाचं कोष्टक या मानाने अगदी तरुण. रक्ताचे गट कार्ल लँडस्टायनरने विसाव्या शतकाच्या तोंडाशी शोधले. 1927 साली ताकेजी फुरुकावा या टोकियोतल्या प्राध्यापकाने रक्तगट आणि स्वभाव यांचा संबंध जोडणारा लेख लिहिला. कल्पना मधे विझली, पण 1971 साली मासाहिको नोमी यांच्या पुस्तकाने ती पुन्हा पेटवली. नोमींकडे वैद्यकाची पदवी नव्हती. ‘ए’ गटाचा माणूस नेटका आणि काळजीखोर, ‘बी’ आपमतलबी पण कल्पक, ‘ओ’ मोकळा, ‘एबी’ अनाकलनीय. तिथून ही रीत कोरिया आणि तैवानमध्ये गेली. 2011 च्या जुलैत र्‍यू मात्सुमोतो या जपानी मंत्र्याने त्सुनामीग्रस्त भागातल्या राज्यपालांशी उद्धट बोलल्यामुळे राजीनामा दिला. आपला रक्तगट ‘बी’ असल्याने आपण तापट आहोत, असंही त्याने बोलून दाखवलं होतं. गटावरून होणाऱ्या छळाला जपानीत ‘बुरा-हारा’ असा शब्दच आहे. 2014 साली केंगो नावाता या संशोधकाने जपान आणि अमेरिकेतल्या दहा हजारांहून जास्त लोकांची उत्तरं तपासली, तेव्हा रक्तगट आणि स्वभाव यांचा म्हणण्याजोगा संबंध सापडला नाही.

परभणीच्या बायोडाटात रक्तगट येतो तो स्वभावासाठी नव्हे. त्याचं खरं कारण वैद्यकीय आहे: आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर काळजी घ्यावी लागते, आणि आज त्यावर इंजेक्शन मिळतं. पण गेल्या काही दशकांत ‘एक नाड म्हणजे एक रक्तगट’ असं एक स्पष्टीकरण सर्रास ऐकू येतं, जणू जुन्यांना हे सारं आधीच ठाऊक होतं. तसं नाही. नाडी तीनच, आद्य, मध्य आणि अंत्य, आणि ती चंद्राच्या नक्षत्रावरून ठरते. रक्तगट आईवडिलांच्या जनुकांवरून. जुळ्या बहिणींची नाडी एक असून रक्तगट वेगळे असू शकतात. शेजारी बसल्यामुळे दोन ओळींना एकमेकींचा अर्थ चिकटला, एवढंच.

स्वभावांची सोळा घरं ही कल्पना अनेकांना कोरियन मालिकांतून किंवा इन्स्टाग्रामवरून कळली. ती एमबीटीआय या स्वभावचाचणीची. कार्ल युंगचं स्वभावप्रकारांवरचं पुस्तक 1921 चं. त्यावरून कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रश्नावली रचली. 1990 साली ती कोरियन भाषेत प्रमाणित झाली. आज तिथली तरुण मंडळी पहिल्या भेटीत नावानंतर चार इंग्रजी अक्षरं विचारतात. अंतर्मुख की बहिर्मुख, विचाराने चालणारा की भावनेने, अशा चार जोड्यांतून सोळा प्रकार निघतात.

सोळा हा आकडा आपल्याकडेही आहे, आणि फार आधीपासून. चरकसंहितेच्या शारीरस्थानात मनाचे सोळा प्रकार सांगितले आहेत: सात सात्त्विक, सहा राजस, तीन तामस. सुश्रुतसंहितेतही बेरीज तीच. सात्त्विकांत ब्राह्म, याम्य, वारुण, गांधर्व असे प्रकार. राजसांत आसुर, सार्प, शाकुन. तामसांत पाशव, मात्स्य आणि वानस्पत्य. याम्य माणूस वेळेवर काम करणारा, मर्यादा न सोडणारा, चांगल्या स्मरणशक्तीचा. मात्स्य भित्रा, चंचल, खाण्याचा लोभी आणि पाण्याची ओढ असलेला. वानस्पत्य आळशी आणि फक्त खाण्यात रमणारा. ही वर्णनं वाचताना डोळ्यांसमोर गावातली माणसं उभी राहतात, कारण ती माणसं पाहून लिहिलेली आहेत. वैद्याला रुग्ण समजून घ्यायचा होता, त्याला लग्नाच्या बाजारात तोलायचं नव्हतं. युंगलाही भारतीय विचाराची ओढ होती. त्याच्या त्या पुस्तकात द्वंद्वाच्या भारतीय कल्पनेवर मजकूर आहे, आणि 1937 च्या अखेरीस तो स्वतः भारतात येऊन गेला.

वात, पित्त, कफ यांच्या प्रकृतीची तपासणी तर आता मोबाइलवर आली आहे. आयुष मंत्रालयाच्या ‘देश का प्रकृती परीक्षण’ या मोहिमेत 2024 च्या अखेरीपासून एक कोटीहून अधिक लोकांची प्रकृती ॲपवर नोंदली गेली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये मुंबईत मोहिमेचा समारोप झाला. 

या सगळ्या कोष्टकांच्या मधोमध मराठवाड्यातलंच एक वेगळं उदाहरण उभं आहे. परभणीच्या शेजारी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या जांब गावी 1608 साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांच्या दासबोधाचा दुसरा दशक म्हणजे स्वभावांची मोठी यादीच. त्यात मूर्खलक्षणं आहेत, उत्तम लक्षणं आहेत, रजोगुण, तमोगुण, सत्त्वगुण यांवर वेगवेगळे समास आहेत आणि शेवटी पढतमूर्खाचा. पण रामदास जन्मवेळ विचारत नाहीत. ते वागणं पाहतात, आणि मूर्खाची लक्षणं टाकून देण्यासाठी सांगतात. ज्याने यादीत स्वतःला ओळखलं त्याने उद्यापासून त्या यादीतून बाहेर पडावं, अशी अपेक्षा आहे. गणात ती वाट नाही. राक्षसगणी मुलीने जन्मभर कितीही गोड बोललं तरी तिचा गण तोच राहतो. लक्षण आणि गण या दोन शब्दांतला हा फरक मराठीत साडेतीनशे वर्षांपासून आहे, आणि बायोडाटा लिहिताना तो विसरला जातो.

प्रश्न विचारून, उत्तर मोजून मन समजून घ्यायची आधुनिक पद्धत मराठीत आली ती बुद्धिमापनाच्या वाटेने. धारवाडचे वि. वि. कामत यांनी बिने यांच्या कसोटीचं कन्नड आणि मराठी रूपांतर केलं. त्यांचं इंग्रजी पुस्तक 1940 साली ऑक्सफर्डने छापलं आणि बिने-कामत कसोटी अजूनही वापरात आहे. पण ही मराठी कसोटी मुंबई इलाख्याची. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. तिथे सरकारी कारभार आणि वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत चाले. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत ही स्थिती होती, आणि 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला शाळेत परक्या भाषेत तोललं जाई, तेव्हा त्याचं मौन मंदपणात मोजलं जाण्याचा धोका होता. भाषेचा हा अडसर पुढेही पुरता गेला नाही. औरंगाबादला 1977 साली राज्य शासनाने सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था काढली ती मराठी मुलांनी एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, जावं म्हणून. लेखी परीक्षेनंतर या मुलांना सेवा निवड मंडळापुढे उभं राहावं लागतं. तिथे पडद्यावर एकामागून एक साठ शब्द येतात आणि प्रत्येकी पंधरा सेकंदांत मनात येईल ते वाक्य लिहायचं असतं. मानवत किंवा पालमच्या मुलाचं मन मराठीत धावतं, आणि त्या पंधरा सेकंदांत त्याला भाषांतरही करावं लागतं.

म्हणूनच 2016 साली राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावीच्या मुलांसाठी कल चाचणी सुरू केली, ही मोठी गोष्ट होती. श्यामची आई फाउंडेशनच्या मदतीने तयार झालेली ही चाचणी मराठीतून देता येई, आणि ती तालुक्याच्या इंग्रजी शाळेपासून जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत सर्वांना एकच होती. कृषी, कला व मानव्य, वाणिज्य, ललित कला, आरोग्य विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा, अशी सात क्षेत्रं. तुला काय आवडतं, हे राज्यातल्या लाखो मुलांना त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा अधिकृतपणे विचारलं गेलं. त्यात मुलगे आणि मुली दोघंही होते, आणि उत्तर मुलाने स्वतः द्यायचं होतं. पुढे काही वर्षांनी चाचणी थांबली. कल कळूनही जवळ तसं महाविद्यालय नसेल, तर कागदाचा उपयोग किती, हा प्रश्न मात्र खेड्यातल्या मुलांपुढे पहिल्या वर्षापासूनच होता.

पत्रिकेची स्वतःची परीक्षा पुण्यात झाली. 12 मे 2008 रोजी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी ती जाहीर केली. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे सोबत होते. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या अशा दोनशे पत्रिका गोळा करून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या. कोणती कुणाची, एवढंच सांगायचं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी 40 पैकी 18 च्या आसपास बरोबर, सर्वांत चांगला निकाल 24. नाणं उडवलं तरी सरासरी वीस बरोबर येतात.

बायोडाटातली गण-नाडीची ओळ तरीही टिकून आहे, पण सगळ्यांकडे नाही. 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या बौद्ध धम्मदीक्षेनंतर मराठवाड्यातल्या बौद्ध कुटुंबांनी जोशाकडून विधी करणं सोडलं, आणि त्यांच्या बऱ्याच बायोडाटांत गण-नाडीचा उल्लेख नसतो. वर तथागताचं आणि बाबासाहेबांचं चित्र, खाली शिक्षण, नोकरी, रक्तगट. इतर घरांतूनही आता अधूनमधून असा कागद येतो ज्यात जन्मवेळेची जागा कोरी असते, आणि अपेक्षांच्या रकान्यात मुलीने स्वतःच्या हाताने लिहिलेलं असतं: ‘पत्रिका पाहणे नाही’.