मुख्याध्यापकाची सत्ता : मराठवाड्यातील एक शतक

शालेय व्यवस्थापनावरचे कोणतेही मराठी पाठ्यपुस्तक उघडले तरी अनुक्रमणिका जवळपास ठरलेली असते. फ्रेडरिक टेलरचे शास्त्रीय व्यवस्थापन (१९११), एल्टन मेयोचे नाव ज्यांच्याशी जोडले गेले ते हॉथॉर्नचे प्रयोग, डग्लस मॅकग्रेगरचे 'एक्स' आणि 'वाय' सिद्धांत (१९६०), जेम्स मॅकग्रेगर बर्न्सने १९७८ मध्ये मांडलेला व्यवहारी आणि परिवर्तनवादी नेतृत्वाचा भेद. बी.एड.चे विद्यार्थी हे सारे परीक्षेपुरते वाचतात. बढतीच्या उंबरठ्यावरचे शिक्षक यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या शालेय व्यवस्थापन पदविकेसाठी, म्हणजे शिक्षकखोलीच्या भाषेत 'डीएसएम'साठी, पुन्हा एकदा वाचतात. १९९० च्या दशकात राज्य शासनाने शैक्षणिक नियोजन व प्रशासनाच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र राज्यस्तरीय संस्था उभारली, ती तर औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात.

या साऱ्या वाचनात एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. मुख्याध्यापकाचा शब्द शाळेत चालतो तो कशाच्या बळावर? नेतृत्वाची शैली कोणती असावी, हा पुढचा प्रश्न झाला. नेतृत्वाला अधिकार कोठून मिळतो, हा आधीचा. त्याचे उत्तर शोधायला अमेरिकेतल्या कारखान्यांपर्यंत जाण्याची गरज नाही. मराठवाड्यातील शाळांच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासात ते बरेचसे सापडते.

वाटाड्या म्हणून मॅक्स वेबरचा उपयोग होतो. वेबरने सत्तेच्या अधिमान्यतेचे तीन प्रकार सांगितले : परंपरेतून आलेली, व्यक्तीच्या विलक्षण प्रभावातून आलेली आणि नियमांतून आलेली. व्यक्तीच्या प्रभावाची सत्ता फार काळ टिकत नाही. ती कालांतराने नियमांत आणि कचेरीत मुरते, हेही त्याने सांगून ठेवले आहे. मराठवाड्यातील मुख्याध्यापकाची कथा ही बऱ्याच अंशी या मुरण्याचीच कथा आहे.

प्रथम संस्थानी काळ पाहू. निजामाच्या शिक्षण खात्याचा औरंगाबाद विभागातील सदर मोहतमीम, म्हणजे शाळांचा प्रमुख निरीक्षक, म्हणून मौलवी अब्दुल हक यांनी काम केले. १९१२ मध्ये ते अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे सचिव झाले आणि त्या संस्थेचे केंद्र पुढची सुमारे पंचवीस वर्षे औरंगाबादेत राहिले. १९२१ मध्ये 'उर्दू' हे त्रैमासिक त्यांनी येथूनच सुरू केले. पुढे ते येथील इंटरमीडिएट कॉलेजचे प्राचार्य होते. शाळा तपासणारा अधिकारी एखाद्या भाषेच्या ज्ञानव्यवहाराचा शिल्पकार होऊ शकतो, याचे हे ठळक उदाहरण आहे. आजच्या परिभाषेत ध्येयदृष्टी असलेला प्रशासक म्हणून त्यांचे वर्णन करता येईल, आणि ते खोटे ठरणार नाही.

पण येथेच थांबून दुसरी बाजू पाहायला हवी. ज्या प्रदेशात बहुसंख्य मुलांची भाषा मराठी होती, तेथे माध्यमिक आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग केला खरा, परंतु ती भाषा मराठवाड्यातील कुणब्याच्या घरातली नव्हती. म्हणजे नेतृत्व समर्थ होते, निष्ठावंत होते, विद्वान होते. तरीही वर्गातील बहुसंख्य मुलांपासून ते दूर होते. नेतृत्वाचे सिद्धांत सांगताना 'कोणासाठी' हा शब्द आपण अनेकदा गाळतो. अब्दुल हकांच्या कार्याचा आदर राखूनही तो गाळता येत नाही.

याच काळात दुसऱ्या प्रकारची शाळा उभी राहत होती. असहकाराच्या लाटेत १९२१ मध्ये आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा या खेड्यात राष्ट्रीय शाळा निघाली. काही वर्षांनी व्यंकटेश भगवानराव खेडगीकर हे तरुण शिक्षक तेथे आले. कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केलेला हा तरुण पुढे मुख्याध्यापक झाला, १९३२ मध्ये त्याने संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ या नावाने तो ओळखला जाऊ लागला. १९३५ च्या सुमारास स्वामीजी व त्यांचे काही सहकारी अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, आले आणि तेथील योगेश्वरी शाळेचे काम त्यांनी हाती घेतले.

या मुख्याध्यापकाजवळ अधिकार म्हणावा असे काय होते? पगार वाढवण्याची किंवा रोखण्याची शक्ती नव्हती, कारण शिक्षक तुटपुंज्या मानधनावर राबत. संस्थानात खासगी शाळा चालवायची तर सरकारी परवानगीची टांगती तलवार डोक्यावर असे. साध्या सभेवरही 'गश्ती निशाण ५३'चा निर्बंध होता. तरी शिक्षक टिकले, विद्यार्थी टिकले. जो माणूस सर्वांत कमी घेतो आणि सर्वांत जास्त देतो, त्याचे ऐकावे असे इतरांना वाटते, इतकीच या सत्तेची घटना होती. रॉबर्ट ग्रीनलीफने १९७० मध्ये सेवाभावी नेतृत्वाची कल्पना मांडली, तिला व्यवस्थापनशास्त्रात मोठा मान आहे. मराठवाड्याच्या दृष्टीने ती चाळीस वर्षे उशिरा आली.

मात्र या शाळांचे गोडवे गाऊन भागत नाही. व्यक्तीवर उभी राहिलेली शाळा त्या व्यक्तीच्या पुढच्या निर्णयाशी बांधलेली असते. १९३८ मध्ये स्वामीजी स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले, तुरुंगात गेले, आणि त्यानंतर शाळा हे त्यांचे मुख्य क्षेत्र उरले नाही. देशाला नेता मिळाला आणि शाळेचा मुख्याध्यापक गेला. ध्येयवादी नेतृत्वाची ही किंमत आपल्या गौरवग्रंथांत फारशी नोंदवली जात नाही.

त्याच वर्षी औरंगाबादच्या इंटरमीडिएट कॉलेजात प्रशासनाची वेगळी परीक्षा झाली. वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला, प्रशासनाने बंदी घातली, विद्यार्थी हटले नाहीत. हे लोण हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात पोहोचले आणि विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांना दारे उघडली. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच. काढून टाकणाऱ्यांकडे नियम होते, पदे होती, शिक्के होते. विद्यार्थ्यांच्या मनात त्या अधिकाराला मान्यता तेवढी उरली नव्हती.

हैदराबाद मुक्त झाल्यानंतर १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. ही संस्था शाळा नव्हे, तरी प्रस्तुत विषयात तिचा उल्लेख आवश्यक आहे. नागसेन या भिक्षूला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे, मिलिंदाचे, नाव तिला मिळाले. राजा प्रश्न विचारतो आणि उत्तर पटले की ते मान्य करतो. संस्थेच्या नावातच सत्तेने ज्ञानापुढे कसे वागावे, याचा संकेत होता. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या काळात आणि नंतरही या परिसरातून दलित साहित्याची जी पिढी घडली, तिची मुळे या वातावरणात होती. संस्थापक दूर असताना प्राचार्यावर विश्वास टाकून संस्था वाढू शकते, हेही येथे दिसले.

त्यानंतरचा काळ नियमांचा. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. खासगी माध्यमिक शाळांचे जाळे अनुदानावर वाढले. त्यागाच्या भाषेत स्थापन झालेल्या संस्थांमध्ये हळूहळू चालकांची मिरासदारी शिरली. सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच आकडा, उन्हाळ्याची सुटी आली की सेवेत खंड, चालकांच्या मर्जीतून उतरले की घरचा रस्ता, हे शिक्षकांचे अनुभव त्या पिढीच्या बोलण्यात वारंवार येत. कालच्या सेवाभावी नेतृत्वाचे शब्द आता शिक्षकाला गप्प बसवण्यासाठी वापरले जाऊ लागले होते.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालील १९८१ ची नियमावली आली. सेवेचे स्थैर्य, कारवाईची ठरलेली पद्धत, दाद मागायला शाळा न्यायाधिकरण, असे संरक्षण शिक्षकाला मिळाले. मुख्याध्यापकपदासाठी किमान अर्हता आणि अनुभव ठरला, आणि पात्र व समाधानकारक सेवा असलेल्यांपैकी ज्येष्ठतम शिक्षकाची नेमणूक करावी असे बंधन आले. चालकाच्या भाच्याला थेट खुर्चीवर बसवणे अवघड झाले. न्यायाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती.

तिची दुसरी बाजूही आहे. ज्येष्ठतेने येणारा मुख्याध्यापक पुष्कळदा निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली असताना खुर्चीत बसतो. शिक्षक निवडण्यात त्याचा निर्णायक वाटा नसतो. निवडतात चालक, मान्यता देतो शिक्षणाधिकारी. वेतनाची देयके, संचमान्यता, पोषण आहाराच्या नोंदी, 'सरल' आणि 'यू-डायस'ची माहिती, यांत दिवस जातो. संस्थाचालक आणि शिक्षण खाते असे दोन धनी, आणि दोघांपुढेही उत्तरदायी तो एकटा. अशा माणसाला प्रशिक्षणात परिवर्तनवादी नेतृत्व शिकवले जाते. तो टिपणे घेतो, प्रमाणपत्र घेतो आणि शाळेत परत येऊन देयकाच्या त्रुटी दुरुस्त करीत बसतो.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन शाळाप्रमुख उद्योगपतींच्या दबावाखाली खर्चाचे हिशेब मांडणारे कारभारी कसे बनले, याचा इतिहास रेमंड कॅलाहनने १९६२ मध्ये लिहिला. तेथे दबाव बाजाराचा होता. आपल्याकडे तो खात्याचा आहे. तपासता येईल तेवढेच महत्त्वाचे, ही समजूत मात्र दोन्हीकडे एकच आहे.

उपाय कोठे आहे? जे. पी. नाईक सदस्य-सचिव असलेल्या कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शाळासंकुलाची कल्पना मांडली होती. जवळच्या शाळांनी एकत्र येऊन काही निर्णय स्वतः घ्यावेत, हा तिचा गाभा होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ती पुन्हा आली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवले. विभागलेल्या नेतृत्वाचा सिद्धांत आपल्याकडे कायद्याच्या रूपाने आला आहे, म्हणायला हरकत नाही. परंतु समितीपुढे येणारे विषय सह्यांचेच असतील, तर सभा होईल आणि नेतृत्व होणार नाही. वाटून घ्यायला आधी हातात काही असावे लागते.

१९८१ पूर्वीच्या मनमानीकडे परत जावे असे कोणी म्हणणार नाही, आणि हिप्परग्याचा त्याग पगारदार शिक्षकाकडून मागणे हा अन्याय आहे. मागणी एवढीच आहे की नियमांनी शिक्षकाला जे संरक्षण दिले, तसा निर्णयाचा छोटा पण खरा अवकाश मुख्याध्यापकाला द्यावा : वेळापत्रकाचा, थोड्या निधीचा, आपल्या शाळेतील शिक्षकांच्या विकासाचा, आणि खात्याच्या एखाद्या उपक्रमाला कारण देऊन नाही म्हणण्याचा. त्यासोबत प्रशिक्षणाच्या पुस्तकात टेलर आणि बर्न्स यांच्या शेजारी अब्दुल हक, रामानंद तीर्थ, मिलिंदचा परिसर आणि १९८१ ची नियमावली यांवरही एकेक प्रकरण असावे. आपल्या खुर्चीचा इतिहास ठाऊक असलेला मुख्याध्यापक कोणता अधिकार आपल्याला मिळालेला आहे आणि कोणता मिळवावा लागणार आहे, हे निदान स्पष्ट पाहू शकेल.